थप्पड मारणाऱ्या मुलांचे काय?

गेल्या महिन्यात आमच्याकडे आलेल्या पत्रांत दोन पत्रे एकाच दुखण्याची होती. पहिले पत्र तालुक्याच्या गावातल्या एका आईचे. मुलगा तिसरीत आहे. मधल्या सुट्टीत मुले गोल करून डबा खातात, पण याला गोलात घेत नाहीत. ‘तुमच्या डब्यात काय असते ते आम्हाला ठाऊक आहे,’ असे म्हणतात. डब्यात असते चपाती आणि भेंडीची भाजी. मुलाने अम्मीला काही सांगितले नव्हते. डबा रोज भरलेला परत येऊ लागला तेव्हा तिने खोदून विचारले आणि मग हे बाहेर आले.

दुसरे पत्र शहरातल्या एका वडिलांचे. मुलगी आठवीत. भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला की दुसऱ्या दिवशी वर्गात तिला हमखास विचारले जाते, ‘काय, काल रडलीस की नाही?’ ती क्रिकेट बघतसुद्धा नाही. आता तिने घरी सांगून टाकले आहे की पालकसभेला अब्बांनी टोपी घालून येऊ नये, आणि अम्मीने तर येऊच नये, कारण अम्मी बुरखा घालते. वडील लिहितात, मुले काय बोलतात याचे दुःख आम्ही सोसू, पण मुलीला आमचीच लाज वाटू लागली, हे सोसवत नाही.

शाळेत चिडवाचिडवी कधी नव्हती? जाड्या, चष्मिस, बुटक्या, काळ्या ही नावे आपण सगळ्यांनी ऐकली आहेत आणि काहींनी ठेवलीही आहेत. तीही वाईटच. पण धर्मावरून चिडवलेले मूल एकटे चिडवले जात नाही. त्याची अम्मी, दादी, घरातली जानमाज, रमजानची सहरी, सगळे त्याच्यासोबत वर्गाच्या मधोमध उभे केले जाते. जाड्या म्हटलेले मूल निदान घरी येऊन आईच्या कुशीत शिरते. ‘पाकिस्तानी’ म्हटलेल्या मुलाला घरच परके वाटू लागते. आणखी एक शब्द आहे, तो आम्ही येथे छापणार नाही. वाचकांना तो ठाऊक आहे, आणि वाईट याचे की त्यांच्या मुलांनाही तो पहिली-दुसरीतच ठाऊक होतो.

मुले हे बहुधा सांगत नाहीत. पण कळते. पाण्याची बाटली भरलेलीच परत येते, कारण नळापाशी जायचे नसते. रविवारी रात्री पोट दुखते आणि सोमवारी शाळेची वेळ टळली की बरे होते. आवडता मित्र अचानक ‘बोलत नाही आता’ होतो. सलीम म्हणतो मला सॅम म्हणा. नाझिया इरम यांनी काही वर्षांपूर्वी ‘मदरिंग अ मुस्लिम’ हे पुस्तक लिहिले. मुलीला मुस्लिम वाटणारे नाव द्यावे की नाही, या धास्तीपासून त्यांचा शोध सुरू झाला आणि १२ शहरांतल्या १४५ कुटुंबांशी त्या बोलल्या. त्यांतली पुष्कळ मुले महागड्या, नावाजलेल्या शाळांत शिकणारी होती. तेव्हा फी जास्त भरली की हा त्रास मागे राहतो, या भ्रमात कोणी राहू नये.

आपल्या घरांत यावर एक ठरलेले उत्तर असते. ‘दुर्लक्ष कर बेटा. अभ्यासात लक्ष घाल. मोठा अधिकारी हो, मग बघू कोण काय बोलते.’ हे सांगणाऱ्या अम्मी-अब्बांचा हेतू चांगला असतो. पण मुलाला त्यातून ऐकू येते ते एवढेच की हे घरी सांगून काही होत नाही. पुढच्या वेळी ते सांगणार नाही. आणि मोठा अधिकारी होईपर्यंत पंधरा-वीस वर्षे लागतात, मधली सुट्टी तर उद्या आहे. दुसरे ठरलेले उत्तर याच्या अगदी उलट असते: ‘तूही एक ठेवून दे!’ त्याने काय होते हे आम्ही सांगायला नको. शाळेत मग मारामारीची चौकशी होते आणि आधीच्या सहा महिन्यांचे कोणी विचारत नाही.

तिसरीतल्या मुलाला डब्याची ही कल्पना सुचली कुठून? आपोआप सुचत नाही. त्यासाठी आपल्याच राज्यातली एक जुनी शाळा आठवू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले, भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बाबासाहेबांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे की वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे, तेही घरून नेलेल्या गोणपाटावर. ते गोणपाट शाळा झाडणारा नोकर शिवत नसल्यामुळे रोज परत घरी न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा, मग प्यायचे. शिपाई नसला तर पाणी नाही. वर्गातल्या मुलांनी ही रीत शोधून काढली नव्हती. ती त्यांना घरातून, गावातून आणि गुरुजींकडून तयार मिळाली होती. अन्नपाण्यावरून मूल बाजूला काढणे हे आपल्या शाळांना नवे नाही, फक्त बाजूला काढायचे मूल बदलते. म्हणून डब्याच्या पत्रातला प्रश्न फक्त मुसलमानांचा आहे असे समजून दार लावून बसणे आम्हाला पटत नाही. शेजारच्या बाकावरच्या दलित मुलाच्या आईला हे आपल्यापेक्षा लवकर समजेल. तिच्याशी बोलून पाहा.

आता मुजफ्फरनगरची गोष्ट. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या खुब्बापूर गावच्या एका खासगी शाळेतला व्हिडिओ देशभर फिरला, तो बहुतेकांनी पाहिला असेल. सात वर्षांचा मुसलमान मुलगा वर्गात उभा आहे. शिक्षिका त्याच्या धर्माचा उल्लेख करत बोलते आहे आणि वर्गातल्या मुलांना एकेक करून बोलावते आहे. मुले येतात, थप्पड मारतात, जाऊन बसतात. जोरात मार, असे त्यांना सांगितले जाते. मुलगा रडतो आहे.

महात्मा गांधींचे पणतू तुषार गांधी हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती अभय ओक, म्हणजे आपल्या ठाण्याच्या न्यायालयात वकिली सुरू केलेले, आणि न्यायमूर्ती पंकज मिथल यांच्यापुढे ते चालले. २५ सप्टेंबर २०२३ च्या सुनावणीत न्यायालयाने राज्य सरकारला खडे बोल सुनावले. आरोप खरे असतील तर यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही, अशा अर्थाचे न्यायमूर्ती बोलले. तपास वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे देण्यास सांगितले. त्या मुलाला दुसऱ्या चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा, याकडे न्यायालयाने लक्ष घातले, आणि पुढे त्याच्या शिक्षणाचा खर्च सरकारवर टाकला. येथवर सगळ्यांनी बातम्यांत वाचले.

पण त्या आदेशात आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. न्यायालयाने सांगितले की मार खाल्लेल्या मुलाचे तज्ज्ञांकडून समुपदेशन करा, आणि त्याच्या वर्गातल्या इतर मुलांचेही करा. म्हणजे ज्यांनी थपडा मारल्या त्यांचेही! हे कसे करायचे ते सुचवण्यासाठी मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या संस्थेला सांगण्यात आले. इतर मुलांच्या समुपदेशनात चालढकल झाली तेव्हा २०२४ च्या सुरुवातीला न्यायालयाने राज्य सरकारला पुन्हा धारेवर धरले.

मारणाऱ्यांचे लाड कशाला, असे काहींना वाटेल. पहिल्यांदा वाचले तेव्हा आमच्याही घरात एकाने तसेच विचारले. पण ती मुलेही सहा-सात वर्षांचीच. काल ज्याच्याबरोबर विटी-दांडू खेळले त्याला आज बाईंनी सांगितले म्हणून मारले. बाईंनी सांगितलेले चुकीचे कसे असेल? जो हळू मारेल त्याला पुन्हा सांगितले जाते. त्यांतल्या एखाद्याला मारायचे नसेलही, पण नाही म्हणायचे कसे हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. त्या खोलीतून एक मूल अपमान घेऊन बाहेर पडले आणि बाकीची मुले अशी समजूत घेऊन बाहेर पडली की अमुक धर्माच्या मुलाला मारले तर चालते, उलट मोठी माणसे खूश होतात. ही समजूत अंगात तशीच राहिली तर पुढे ती मुले पोलीस होतील, तलाठी होतील, डॉक्टर होतील, कोणाच्या तरी मुलाची वर्गशिक्षिका होतील. न्यायालयाने नेमके त्यावर बोट ठेवले. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत दूरचे पाहणारा भाग तोच होता.

शाळेत तक्रार घेऊन जाताना ही गोष्ट आमच्या डोळ्यांपुढे असते. आपल्या मुलाला चिडवणारा मुलगा आपला शत्रू नाही. त्याच्या तोंडात कोणीतरी शब्द घातले आहेत. ते काढायला हवेत, आणि ते काम त्या मुलाला शाळेतून काढून होत नाही.

येथे एक कडू गोष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या मुलांच्या तोंडातही आपण शब्द घालतो. ज्या वस्तीत, ज्या शाळेत आपली मुले जास्त आहेत तेथे जाऊन मधली सुट्टी ऐका. हिंदू मुलाच्या देवांची टिंगल ऐकू येईल. जयभीमवाल्या मुलाला ठेवलेले नाव ऐकू येईल. आणि एकमेकांना काय कमी बोलतात? बागवान, पिंजारी, खाटीक, तांबोळी हे व्यवसायांचे शब्द, आपण त्यांचीच शिवी करून ठेवली आहे. कोकणातून आलेल्या मुलाची बोली ऐकून उर्दूवाले हसतात. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलीला ‘तुला धड उर्दूही येत नाही’ म्हणून घरातलीच खाला-फुफी टोचतात. मग ती बिचारी शाळेत मुसलमान म्हणून वेगळी आणि घरात मराठी म्हणून वेगळी.

कुरआनमध्ये सूरह अल-हुजुरातमध्ये अगदी लागोपाठ ही शिकवण आली आहे. एका समूहाने दुसऱ्याची थट्टा करू नये, एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नये, आणि दोन आयतींनंतर, माणसांच्या जमाती आणि कबिले केले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. सूरह अल-अनआममध्ये तर इतर लोक ज्यांना पुकारतात त्यांना दूषणे देण्याचीच मनाई आहे. हजरत अबू जर (रजि.) यांची हकीकत बुखारी शरीफमध्ये आहे. रागाच्या भरात त्यांनी एकाला त्याच्या आईवरून टोमणा मारला. ती आई अरब नव्हती. टोमणा ज्यांना मारला ते हजरत बिलाल (रजि.) होते असे अनेक भाष्यकार सांगतात. प्रेषितांनी (स.) अबू जर यांना समज दिली की तुमच्यात अजून अज्ञानकाळाची सवय उरली आहे. इतके मोठे सहाबी, तरी त्यांना तेथल्या तेथे टोकले गेले. आपण मात्र मुलाने एखादे नाव घेतले की ‘लहान आहे’ म्हणून हसतो. दस्तरखानवर बसून मोठी माणसे एखाद्या समाजाबद्दल जे बोलतात तेच दोन दिवसांनी शाळेच्या मैदानावर ऐकू येते, मग ते घर कोणाचेही असो.

आता शाळेत करायचे काय? मुलाने सांगितले की आधी पूर्ण ऐकून घ्यावे. मध्ये ‘तू काय केले होतेस?’ असे विचारू नये. कोण, केव्हा, कुठे, नेमके कोणते शब्द, हे त्याच रात्री वहीत तारखेसह लिहून ठेवावे. महिन्याने आपलाच गोंधळ होतो आणि शाळा म्हणते तुमचा गैरसमज आहे. मग वर्गशिक्षिकेला भेटावे, शक्यतो अम्मी-अब्बा दोघांनी. बहुतेक वेळा बाईंना खरोखरच ठाऊक नसते, कारण हे सगळे त्यांची पाठ फिरल्यावर चालते. साठ मुलांच्या वर्गात सगळीकडे डोळे कसे पोहोचणार? पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र हे अजिबात टाकू नये. तेथे दहा मिनिटांत मूल बाजूला पडते आणि देशाचे राजकारण सुरू होते.

बाईंकडे शिक्षा मागू नये, बदल मागावा. डब्याच्या वेळी बसण्याची जागा आठवड्याला बदला. गटकामात याला त्या मुलाबरोबर घ्या. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात दोन वाक्ये तुम्हीच बोला, तुमचे मुले ऐकतात. अशा साध्या मागण्यांना नाही म्हणणारे शिक्षक आम्ही फार कमी पाहिले आहेत.

याने भागले नाही, किंवा बोलणारे शिक्षकच असले, तर लेखी अर्ज मुख्याध्यापकांना द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्ज मराठीत, शांत भाषेत, एका पानाचा. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास बंदी आहे, एवढा उल्लेख त्यात असावा. त्यापुढे महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे. आणि मूल फार घाबरले असेल, मारहाण झाली असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन विनामूल्य आहे. तो मुलालाही पाठ करून द्यावा.

शाळेतल्या पूजा-प्रार्थनेबद्दल नेहमी विचारणा होते म्हणून थोडे त्याविषयी. संविधानाच्या कलम २८ प्रमाणे, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत पालकांच्या संमतीशिवाय सहभागी करून घेता येत नाही. १९८६ साली केरळातल्या तीन भावंडांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला होता. ती ख्रिस्ती पंथातली मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून शाळेतून काढली गेली होती. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. आपली मुले राष्ट्रगीत म्हणतातच, तो प्रश्न आपल्याकडे नाही. घेण्यासारखे आहे ते त्या मुलांचे वागणे. कोणाचा अनादर नाही, गडबड नाही, शांत उभे राहणे. आपल्या मुलाने एखाद्या पूजेत आरती करू नये असे वाटत असेल तर ते बाईंना आधी जाऊन सांगावे. त्या दिवशी मुलाला एकटे सोडून त्याच्याकडून शौर्याची अपेक्षा करू नये. आणि त्याच कार्यक्रमात रांगोळी काढायला, सतरंज्या घालायला, खाऊ वाटायला त्याला जरूर पाठवावे.

ज्या वडिलांच्या मुलीला टोपीची लाज वाटते त्यांना आम्ही एवढेच सुचवू की तिच्यावर रागावू नका आणि तिच्यासाठी टोपी खिशातही घालू नका. सभेला दोघेही जसे असता तसे जा, पण जाण्याआधी तिच्या दोन मैत्रिणींना आयांसह घरी चहाला बोलावा. ज्या मुलीने अम्मीच्या हातची शेवई खाल्ली आहे तिला बुरख्याआडची अम्मी सभेत लगेच ओळखू येते. मग वर्गात आपल्या मुलीच्या बाजूने बोलणारे एक तोंड तयार होते. शिक्षकांच्या दहा भाषणांनी होत नाही ते वर्गातल्या एका मैत्रिणीच्या ‘ए, पुरे झाले हं’ ने होते.

मूल आपल्याच लोकांच्या शाळेत घालावे काय, असेही त्या पत्रात विचारले आहे. मूल खरेच कोमेजत चालले असेल, झोप उडाली असेल, आणि शाळा ढिम्म असेल, तर शाळा बदलण्यात कमीपणा नाही. मुलाच्या जिवापेक्षा कोणतेही तत्त्व मोठे नाही. पण तो पहिला उपाय असू नये. दहावीनंतर कॉलेज आहे, नोकरी आहे, एस.टी.तला शेजारचा प्रवासी आहे. आणि आपले मूल उठून गेले की त्या वर्गातल्या उरलेल्या मुलांना मुसलमान म्हणजे काय हे फक्त मोबाईलवरूनच कळणार.

शेवटी एक काम, विशेषतः आमच्या भगिनींसाठी. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या जागांवर स्त्रिया लागतात. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. या समित्यांत आपली नावे फार कमी दिसतात. बोलावले जात नाही ही तक्रार काही ठिकाणी खरी आहे, पण आपण जात नाही हेही खरे आहे. सहलीची तारीख ईदला आली, चाचणी परीक्षा रमजानच्या शेवटच्या दिवसांत आली, स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यात खलनायकाला दाढी-टोपी चढवली, हे सगळे तेथे आधी बोलता येते, नंतर नाही. तेथे बसणाऱ्या बाईला मुख्याध्यापक ओळखतात, आणि तिचा अर्ज आला की तो एका ओळखीच्या माणसाचा अर्ज असतो. ही निवड वर्षाच्या सुरुवातीच्या सभेत होते. सभेची चिठ्ठी बहुधा मुलाच्या दप्तरात तळाशी चुरगळून पडलेली असते. ती आजच शोधा.